ट्रेवर नंबर आले तेव्हा

इंजेक्शनच्या एका वायलकडे, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीकडे, बघायला दहा सेकंद मिळतात. पाच सेकंद पांढऱ्या पाटीसमोर, पाच काळ्या. पांढऱ्यावर काळे कण दिसतात, काळ्यावर काच आणि धागा. वायल गळ्याशी धरून हलकेच फिरवायची. बोटं थांबली तरी आतलं पाणी फिरत राहतं, आणि पाण्याबरोबर आणखी काही फिरतंय का ते शोधायचं. बहुतेक वेळा काहीच नसतं. काही नसलेलं दिवसभर बघत राहणं हे त्या खोलीतल्या सात बायकांचं काम होतं, आणि ते त्यांच्याकडून नीट करून घेणं माझं.

फॅक्टरी अंबरनाथच्या एमआयडीसीत. लहानच, पण बाहेरच्या देशात माल पाठवायची स्वप्नं असलेली. मी उल्हासनगरची. शाळा इंग्लिश मीडियमची, घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि सिंधी. त्यामुळे एखादी गोष्ट ठामपणे तोंडी सांगायची वेळ आली की माझी जीभ अडखळते. मग मी ती लिहून देते. लिहिताना मी अडखळत नाही. ऑफिसात याला गुण समजलं गेलं. तीन वर्षं क्वालिटीचे कागद सांभाळल्यावर आमच्या विभागाच्या सरांनी मला त्या खोलीची इनचार्ज केलं. मी सव्वीस वर्षांची होते. सातही जणी माझ्याहून मोठ्या होत्या आणि सातही कंत्राटी.

प्रत्येकीला पाट्या आणि दिवा असलेला एक बूथ होता. त्यांच्यात सगळ्यात जुनी तिसऱ्या बूथवरची मावशी. बदलापूरजवळच्या चामटोलीची, पन्नाशी ओलांडलेली. बाकीच्या सहा जणींना तिनंच बसायला शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात मलाही तिनंच शिकवलं. मी वायल फिरवायचे आणि गप्प राहायचे.

"काय दिसलं त्ये बोल," ती म्हणायची.

"काही नाही दिसलं."

"मंग काय नाय त्ये बोल. तोंडानं बोललं का डोला नीट बघतो."

मला लाज वाटायची, पण मी बोलायचे. कण नाही. काच नाही. मग एकदा म्हणाले, काहीतरी आहे. तिनं वायल हातात न घेताच विचारलं, "कसा हालतंय?" वर जाऊन फुटला तर बुडबुडा. झटकन खाली बसली तर काच. मधल्या मध्ये हेलकावे खात राहिला तर धागा. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, याच गोष्टीसाठी दोन पानं होती आणि ती मीच टाइप केली होती.

सगळ्या जणी याच पद्धतीनं काम करायच्या. शंका आली की मान न वळवता म्हणायचं, "मावशी, एक आहे." मावशी विचारायची, कसा हालतंय. सांगता सांगता त्या बाईचं तिलाच कळून जायचं. मावशी फक्त "काढ" किंवा "जाऊ दे" म्हणायची. मावशी त्यांची वायल स्वतः बघत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, अनुभव.

मग एका हॉस्पिटलमधून वायल परत आली. आत पांढरा धागा. नर्सनं सिरिंज भरायच्या आधी उजेडात धरली म्हणून दिसला. ती वायल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आली आणि दोन दिवस माझ्या टेबलावर होती. मी तिच्याकडे बघायचे आणि मला तो हात दिसायचा, सुई लावलेला, ज्याचा कुणाचा तो असेल त्याचा. धागा बारीक नव्हता. आमच्या खोलीतून तो कसा गेला, कुणाच्या समोरून गेला, हे शोधायची सोय नव्हती. पास झालेल्या वायलचे ट्रे मधल्या टेबलावर जमायचे आणि तिथून सगळे एक होऊन पुढे जायचे.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, ऑडिट येतंय. मला या रूममध्ये चांगली टीम नको, एक्सलंट टीम पाहिजे. तू करशील. तू बोलत नाहीस, पण तुझं काम एकदम चोख असतं."

त्यांनी मला एका दिवसाच्या ट्रेनिंगलाही पाठवलं. तिथं ऐकलेल्यातलं एक मनात राहिलं. चुकीकडे आज दुर्लक्ष केलं तर उद्या तीच पद्धत होते. मला ते पटलं. आजही पटतं.

मी चार पानं लिहिली. प्रत्येक बूथच्या ट्रेला नंबर. ट्रे मधल्या टेबलावर न जाता थेट माझ्याकडे. प्रत्येक ट्रेमधल्या थोड्या वायल मी पुन्हा बघणार. बघताना बोलायचं नाही, निर्णय जिचा तिनं घ्यायचा, शंका असेल तर सरळ रिजेक्ट. दर सहा महिन्यांनी परीक्षा. चांगल्या वायलमध्ये मुद्दाम खराब वायल मिसळून द्यायच्या आणि कोण किती पकडतं ते मोजायचं. नापास झाली तर एक फेरपरीक्षा, आणि दोनदा नापास झाली तर तिला बूथवर बसवायचं नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना माझ्यासमोर कुणाचाही चेहरा नव्हता. नियम लिहिताना चेहरा समोर असू नये, असंच मला वाटत होतं.

इंग्रजीत चार पानं झाली होती. मराठीत मी ती सातही जणींना पाच मिनिटांत सांगून टाकली, भिंतीकडे बघत.

"म्हणजे शाळाच की," चौथ्या बूथवरची म्हणाली. ती माझ्याच उल्हासनगरची, कॅम्प चारची. "नंबर दिले, परीक्षा ठेवली. वेणी घालून येऊ का मॅडम?"

"माझा सात नंबर," टोकाची म्हणाली. "म्हणजे शेवटचा बाक. डुलकी काढायला बरा."

सगळ्या हसल्या. मलाही हसायला हवं होतं, पण मी कागद सरळ करत राहिले. मावशी हसली नाही. "लिवलंय ना तिनं," ती म्हणाली. "मंग तसं करायचं."

आणि त्यांनी केलं. खोली शांत झाली. सात पाठी, सात दिवे, वायल ठेवल्याचा बारीक आवाज. खरं सांगायचं तर मला ती शांतता आवडली. ज्या खोलीत कुणी बोलत नाही तिथं माझं न बोलणं कुणाला दिसत नाही. मी डबा माझ्या टेबलावरच खायचे. त्या कॅन्टीनमध्ये एकत्र बसायच्या, भाजी एकमेकींच्या डब्यात टाकायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं. मी म्हणाले, काम आहे. मग त्यांनी बोलावणं सोडलं.

दुसऱ्या आठवड्यात तीन नंबरच्या ट्रेमध्ये मला धागा सापडला. मी वायल बाजूला काढली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा धागा. मग काचेचा कण. मोठा, मलाही पहिल्या फेरीत दिसेल इतका. मी ट्रेवरचा नंबर पुन्हा वाचला.

त्यानंतर मी एक गोष्ट केली जी माझ्या चार पानांत कुठंही बसत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली की मी तीन नंबरचे सगळे ट्रे घेऊन बूथवर बसायचे आणि एक एक वायल बघायचे. अर्ध्या तासात जेवढे होतील तेवढे. उरलेले पाच वाजता, त्या निघून गेल्यावर. मी डबा तसाच घरी न्यायचे. आई विचारायची, आवडली नाही का भाजी. मी म्हणायचे, भूक नव्हती. जवळजवळ तीन आठवडे मी हे करत होते. मावशीला काही बोलले नाही. कसं बोलायचं ते मला येत नव्हतं. मनातल्या मनात मी वाक्य जुळवायचे, मावशी, तुमच्या ट्रेमध्ये, आणि तिथंच ते तुटायचं.

मग सरांनी ऑडिटच्या फाइलसाठी परीक्षेचे निकाल मागितले.

परीक्षा मीच घेतली. खराब वायल मीच निवडल्या, मीच मिसळल्या. सहा जणी पास झाल्या, चौघी तर माझ्या अपेक्षेपेक्षा फार चांगल्या. मावशी नापास झाली. ती प्रत्येक वायल व्यवस्थित फिरवत होती, पाच सेकंद पांढरं, पाच काळं, आणि धागे एकामागून एक पास करत होती. मी घड्याळ हातात धरून तिच्या मागे उभी होते. दुसऱ्या परीक्षेसाठी मी मुद्दाम आठ दिवस मध्ये जाऊ दिले, दिव्याची ट्यूबही बदलून घेतली. तरी तेच झालं.

त्या दिवशी चौथ्या बूथवरची कपडे बदलायच्या खोलीत माझ्यासाठी थांबली होती. टोपी हातात, केस विस्कटलेले.

"झालं मॅडम तुमचं समाधान?"

मी माझी टोपी काढायला लागले.

"आम्हाला माहीत होतं. दीड वर्ष झालं असेल. तिचा ट्रे मी बघायचे, टेबलावर जायच्या आधी. माझा बघून झाला की तिचा. कुणाला काय त्रास होता सांगा. नंबर लावले आणि तिचा ट्रे तुमच्याकडे जायला लागला, मग मी काय हात घालू?"

"मला सांगायचं होतं तुम्ही."

"कधी? तुम्ही जेवायला पण बसत नाही आमच्यात." ती टोपी पिशवीत कोंबायला लागली. "तिनं शिकवलं म्हणून आम्ही पास झालो, चौघी तर एकदम टॉप. आणि तिला काढा तुम्ही. बराबर आहे."

मी विचारलं, "तो हॉस्पिटलचा धागा."

तिचा हात थांबला. तिनं दाराकडे बघितलं.

"ती बॅच गेली त्या आठवड्यात मी सुट्टीवर होते," ती म्हणाली. "जावेचं बाळंतपण होतं." पिशवीचं तोंड बांधून मग म्हणाली, "मला पण ते डोक्यात येतं मॅडम. रोज येतं."

आम्ही दोघी तिथं बाकावर बसून राहिलो. तिला माझा राग होता आणि तो खरा होता. तो धागाही खरा होता. त्यांनी एकमेकींना सांभाळून जे उभं केलं होतं ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवता येणार नाही असं होतं, आणि एक बाई सुट्टीवर गेली की त्यातून धागा निसटत होता. माझ्या नियमांतून धागा निसटत नव्हता. मावशी निसटत होती. दोन्हीपैकी एकाला चूक म्हणता आलं असतं तर मी काहीतरी करू शकले असते.

मला एक आशा होती, मोतीबिंदू. तो काढता येतो. शनिवारी अर्धी शिफ्ट होती. मी मावशीला म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया, मी येते बरोबर. इतकं लांब वाक्य मी तिच्याशी याआधी बोलले नव्हते. ती हो म्हणाली. शेअर रिक्षानं आम्ही अंबरनाथ पूर्वेला आलो. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. जिना चढताना ती प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपत होती. फॅक्टरीत एकही पायरी नाही, म्हणून मला हे कधी दिसलं नव्हतं.

डोळ्यांत थेंब घालून आम्हाला बाहेर बसवलं.

"मावशी, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारतेस कवा?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "तू तर लिवतेस."

मग तीच म्हणाली, "मना वाटलं व्हतं तुना समजलंय. तू माजा टरे घेऊन बसतेस न जेवायच्या येलेला. डबा उघडत नायस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगल? मना धागा दिसत नाय गो. मानूस दिसतो."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू नव्हता. साखरेनं पडदा खराब झाला होता, दोन्ही डोळ्यांचा. आहे तेवढं टिकवता येईल, त्या म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही. मग मला विचारलं, "तुम्ही मुलगी का?" मी नाही म्हणाले. मावशीनं विचारलं, "रांधता येईल ना?" येईल, त्या म्हणाल्या. "मंग बरा," मावशी म्हणाली. काम करता येईल का हे तिनं विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. उत्तर मला माहीत होतं म्हणून मी पिशवीतून फाइल काढत आणि ठेवत बसले.

सोमवारी मी सरांकडे गेले. यावेळी मी लिहून नेलं नाही. म्हणाले, मावशीला बूथवरून काढूया, पण तिला शिकवायला ठेवूया. नवीन येणाऱ्यांना तीच बसवेल. ती शिकवते तसं कुणाला येत नाही. हे सांगताना मी दोनदा तेच बोलले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. "बेटा, ट्रेनर क्वालिफाइड पाहिजे की नको?"

"पाहिजे."

"कुठे लिहिलंय?"

माझ्याच चार पानांत लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर, की शिकवणारी स्वतः परीक्षा पास असावी.

"पान बदलता येईल," मी म्हणाले.

"ऑडिटच्या महिनाभर आधी? एका बाईसाठी?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पॅकिंगला विचारतो कॉन्ट्रॅक्टरला. पण तिथं आठ तास उभं राहायचं आहे. साखर आहे ना तिला?" मग ते म्हणाले, "तू टीम खरंच चांगली बनवलीस. कंप्लेंट झीरो आहे. मन खट्टू करून घेऊ नकोस."

पॅकिंगला मावशी दीड दिवस उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय सुजले म्हणून कॉन्ट्रॅक्टरनंच तिला घरी जायला सांगितलं. पुन्हा यायचं की नाही ते त्यानं सांगितलं नाही. ते सांगायचं काम कागदाचं होतं, आणि तो कागद माझ्याकडे होता.

ती शुक्रवारी आली, साध्या साडीत, गेटवरचा पाहुण्यांचा पास गळ्यात घालून. मी तिला माझ्या टेबलासमोर बसवलं. फॉर्म इंग्रजीत होता, मीच बनवलेला. खाली लिहिलं होतं की वरचा मजकूर मला वाचून दाखवला आहे आणि तो मला समजला आहे. म्हणजे वाचून दाखवणं भाग होतं. मी वाचायला लागले. एक इंग्रजी वाक्य डोळ्यांनी, मग तेच मराठीत तोंडानं. परीक्षेची तारीख. किती वायल. किती पकडल्या. दुसऱ्या परीक्षेची तारीख. शेवटच्या ओळीला मी थांबले. इंग्रजीत तो एक शब्द होता, डिसक्वालिफाइड, सरळ, बिनचेहऱ्याचा. मराठीत मला जे जे सुचत होतं ते सगळं तिच्याकडे बघून म्हणावं लागणार होतं.

"यापुढे," मी म्हणाले, "तुम्हाला या कामावर बसता येणार नाही."

"ह्यो तू लिवलंस?"

"हो."

"सगला?"

"सगळं मीच लिहिलंय, मावशी."

ती कागदावर वाकली. नाक जवळजवळ टेकवलं, मग मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. अक्षरं तिला दिसत नव्हती आणि दिसली असती तरी इंग्रजीच होती.

"चांगला लिवलंस," ती म्हणाली. "यात चूक नाय काय."

तिनं मला दोष दिला असता तर मी सॉरी म्हणू शकले असते. तो शब्द माझ्या तोंडाशी तयार होता, तिथंच राहिला. मी पेन पुढे केलं. तिनं सही केली, मोठ्या अक्षरांत, पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव आणि गावाकडचं आडनावही. सही माझ्या सहीच्या चौकटीत झाली.

"बराबर झाली?" तिनं विचारलं.

आमच्याकडे कागदावर चुकलेलं खोडायचं नसतं. पांढरा रंग लावायचा नाही, फाडून नवीन घ्यायचा नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि बाजूला आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहायची. नवीन मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

"थोडी वर झाली," मी म्हणाले. "अजून एकदा करावी लागेल."

मी पट्टी घेतली आणि तिच्या नावावरून रेघ मारली. तिनं पट्टीचा आवाज ऐकला असेल. मग मी तिच्या बोटांवर हात ठेवून पेन खालच्या चौकटीत नेलं आणि तिचं नाव लिहून होईपर्यंत तो हात तसाच राहू दिला.